विषाणू, प्रतिकारशक्ती आणि पंधरा वर्षांची मुदत

गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे बायका म्हणतात तसा 'पिशवीच्या तोंडाचा' कॅन्सर निघाला की घरात एक प्रश्न हमखास फिरू लागतो. हे आलं कुठून आणि कधी? कुणी नवऱ्याकडं संशयानं बघतं, कुणी त्या बाईकडंच. कोल्हापुरात सीपीआरला, जुन्या माणसांच्या थोरल्या दवाखान्यात, विचारा किंवा महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून परळच्या टाटा रुग्णालयात विचारा, खरं उत्तर एकच मिळेल. विषाणू पंधरा-वीस वर्षांपूर्वीही आलेला असू शकतो, अगदी लग्नाच्या पहिल्या वर्षातही. ती तारीख कुठल्याच तपासणीतून काढता येत नाही. शिवाय तो इतका सर्रास आढळतो की शरीरसंबंध सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी तरी तो लागतोच. तेव्हा चारित्र्याचा पंचनामा करायचं काही कारण नाही. विचारण्यासारखा प्रश्न वेगळा आहे. हा संसर्ग दहापैकी नऊ वेळा शरीर आपणहून, वर्ष-दोन वर्षांत निस्तरतं. मग उरलेल्या एका वेळी काय बिघडतं?

विषाणूचं नाव ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, दवाखान्यातल्या बोलीत एचपीव्ही. त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत. काहींमुळं हातापायावर चामखीळ उठतात आणि तेवढ्यावरच भागतं. कॅन्सरपर्यंत नेणारे प्रकार साधारण डझनभर, आणि त्यांतही १६ आणि १८ क्रमांकाचे दोन सगळ्यांत वाईट. जगभरात या कॅन्सरच्या शंभरातल्या सत्तर केसेस या दोघांमुळं होतात. भारतात हे प्रमाण त्याहून थोडं जास्तच आहे. जर्मनीच्या हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी १९८३ मध्ये १६ क्रमांकाचा प्रकार शोधला आणि पुढच्याच वर्षी १८ क्रमांकाचा. त्याआधी बरीच वर्षं शास्त्रज्ञ नागिणीच्या जातीच्या हर्पीस विषाणूवर संशय घेत होते. त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं.

विषाणू नेमका पिशवीच्या तोंडाशीच का घर करतो, हे त्या जागेच्या रचनेवरून कळतं. योनीकडच्या बाजूला पेशींचे चपटे, एकावर एक रचलेले मजबूत थर असतात. गर्भाशयाच्या आतल्या बाजूला उभ्या पेशींचा एकच नाजूक थर असतो. हे दोन्ही जिथं भेटतात ती किनार वयात येताना आणि बाळंतपणात सरकत राहते, आणि तिथल्या उभ्या पेशींचं रूपांतर चपट्या पेशींत होत राहतं. सतत बदलत्या या पट्ट्यात विषाणूला सहज शिरकाव मिळतो. कमी वयात लग्न झालेल्या मुलींना धोका जास्त असतो. त्याची कारणं अनेक, पण त्या वयात हा पट्टा मोठा आणि कच्चा असतो हे त्यांतलं एक.

डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक ओरखड्यातून विषाणू अगदी तळाच्या थरातल्या पेशीत पोचतो. तळाची पेशी विभागत राहते आणि तिच्या लेकी वर-वर ढकलल्या जातात, शेवटी झडून जातात. विषाणू तळाशी असताना अगदी गप्प असतो. पेशीमागं आपल्या मोजक्या प्रती राखून तो राहतो. पेशी वर सरकून पिकायला लागली की मग तो हजारोंनी प्रती काढतो, त्यांवर प्रथिनांचं कवच चढवतो आणि झडणाऱ्या पेशींबरोबर बाहेर पडतो. कोल्हापूरच्या शेतकऱ्याला हे खोडव्यावरून चटकन समजेल. वरचा ऊस तुटून कारखान्याला गेला तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो आणि पुन्हा फुटतो.

प्रतिकारशक्तीची अडचण नेमकी इथं होते. बरेच विषाणू पेशी फोडून बाहेर पडतात, रक्तात उतरतात, सूज आणतात. त्या नासधुशीनंच शरीर जागं होतं. एचपीव्ही यातलं काहीच करत नाही. तो पेशी मारत नाही, रक्तात जात नाही. त्याची सगळी पैदास वरच्या थरात होते आणि त्या पेशी तशाही मरणारच असतात. रक्तातल्या पहारेकरी पेशी तिथपर्यंत क्वचितच पोचतात. भरीस भर म्हणजे, संसर्ग झालेली पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडून शेजाऱ्यांना सावध करते, तर विषाणूची ई-६ आणि ई-७ ही प्रथिनं तेच दाबून टाकतात. ई-५ हे तिसरं प्रथिन तर पेशीच्या पृष्ठभागावरच्या ओळखखुणाच कमी करतं, म्हणजे मारेकरी टी-पेशींना आत विषाणू आहे हे दिसतच नाही. ताप नाही, दुखणं नाही, अंगावरून काही जाणं नाही. बाईला काही कळत नाही, आणि तिच्या शरीरालाही कित्येक महिने काही कळत नाही.

तरीही बहुतेकींमध्ये कधी तरी हा लपंडाव उघडा पडतो. त्या थरांतल्या लँगरहान्स पेशी विषाणूचे तुकडे जवळच्या लसिकाग्रंथीत नेऊन दाखवतात, तिथं ई-२, ई-६ अशा प्रथिनांना ओळखणाऱ्या टी-पेशी तयार होतात आणि त्या परत येऊन रोगट पेशी साफ करतात. हे काम मुख्यतः टी-पेशींचं, अँटीबॉडीचं नव्हे. नैसर्गिक संसर्गानंतर बऱ्याच स्त्रियांच्या रक्तात अँटीबॉडी सापडतही नाहीत, आणि सापडल्या तरी अगदी थोड्या. म्हणून एकदा होऊन गेलेला संसर्ग पुढच्या संसर्गापासून भरवशाचं संरक्षण देत नाही.

टी-पेशी दुबळ्या असल्या की काय होतं, हे एचआयव्हीनं स्पष्ट दाखवून दिलंय. एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला हा कॅन्सर होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सहापट असतो. एरवी संसर्गापासून कॅन्सरपर्यंत पंधरा-वीस वर्षं लागतात, तिच्यात ती पाच-दहावर येऊ शकतात. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात एचआयव्हीनं एका पिढीला काय केलं ते इथल्या लोकांना सांगायला नको. नियमित औषधांनी आज त्या बायका दीर्घायुषी होतायत ही मोठीच गोष्ट, पण एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांच्या केंद्रात गोळ्या घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीची पिशवीच्या तोंडाची तपासणी पंचविशीपासून ठराविक वर्षांनी व्हायला हवी, आणि ती कुणी आपणहून मागत नाही. धूम्रपान, पाच वर्षांहून जास्त काळ घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, बरीच बाळंतपणं, अवयवरोपणानंतरची औषधं ही बाकीची कारणं. यांतली एकही गोष्ट एकटी कॅन्सर करत नाही. ती फक्त विषाणूला टिकायला मदत करते.

विषाणू टिकला की पुढचं काम ई-६ आणि ई-७ करतात. पेशीत पी-५३ नावाचं एक प्रथिन असतं. जनुकांत बिघाड दिसला की ते पेशीला थांबवतं, नाहीच दुरुस्त झाली तर मरायला लावतं. ई-६ त्या पी-५३चा नायनाट करतं. दुसरं आरबी नावाचं प्रथिन पेशीचं विभाजन आवरून धरतं, त्याला ई-७ निकामी करतं. विषाणूला कॅन्सर करायचा नसतो, त्याला फक्त पेशी विभागती ठेवून आपल्या प्रती काढायच्या असतात. सुरुवातीला ई-२ हे विषाणूचंच प्रथिन या दोघांना मर्यादेत ठेवतं. पण वर्षानुवर्षं संसर्ग राहिला की कधी तरी विषाणूचा डीएनए तुटून माणसाच्या डीएनएत घुसतो, आणि तुटताना बहुधा ई-२चाच भाग फुटतो. मग ई-६ आणि ई-७ बेसुमार तयार होऊ लागतात. आता पेशीत बिघाडावर बिघाड साचतात आणि दुरुस्ती करणारं कुणी उरत नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली हे टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्याचा बदल बहुतेक वेळा आपोआप मावळतो. तिसऱ्या टप्प्याचा बदल कॅन्सर नसतो, पण त्याच्या उंबरठ्यावर असतो, आणि उपचार न करता सोडला तर त्यांतल्या बऱ्याच जणींमध्ये पुढं कॅन्सर होतो. बायोप्सीच्या रिपोर्टात 'पी-१६ पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एवढाच की ई-७नं आरबी निकामी केल्याची खूण पेशीत सापडली.

हा सगळा प्रवास होईतो पंधरा-वीस वर्षं जातात. मला या आजारातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. क्वचितच एखादा कॅन्सर माणसाला एवढी मुदत देतो, आणि आपण ती सरसकट फुकट घालवतो. २०२२च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १ लाख २७ हजार बायकांना हा आजार नव्यानं निघतो आणि जवळपास ८० हजार दगावतात. तिसाव्या ते एकोणपन्नासाव्या वर्षांतल्या भारतीय बायकांपैकी कधी तरी तपासणी झालेल्या, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, शंभरात दोनसुद्धा भरल्या नाहीत.

आणि ही मुदत वापरली तर काय होतं, याचा जगात सर्वांत भक्कम पुरावा आपल्याच मराठवाड्याच्या वेशीवर तयार झाला. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. १९८७ मध्ये तिथं बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरून रुग्ण शोधायचे आणि बोलता बोलता लक्षणंही सांगायचे: दोन पाळ्यांच्या मधे रक्त, संबंधानंतर रक्त, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, दुर्गंधीचं पाणी. कुठलीही मोठी तपासणी मोहीम नसताना, केवळ या बोलण्यानं काही वर्षांत आधीच्या टप्प्यात दवाखान्यात येणाऱ्या बायकांचं प्रमाण वाढलं. मला हे संशोधन पुढच्या गाजलेल्या चाचणीइतकंच मोलाचं वाटतं, कारण त्याला यंत्र लागलं नव्हतं.

ती गाजलेली चाचणी १९९९च्या शेवटी उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुरू झाली. रेंगास्वामी शंकरनारायणन, बार्शीचे डॉ. नेने आणि त्यांचे सहकारी यांनी ५२ गाव-समूहांतल्या ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ निरोगी बायकांना चार गटांत विभागलं. एका गटात एचपीव्हीच्या डीएनएची चाचणी, दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारी पॅप स्मिअर, तिसऱ्यात व्हीआयए, म्हणजे पिशवीच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी पाहणं. चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा. प्रत्येकीची चाचणी एकदाच झाली, आयुष्यात एकदा. आठ वर्षं पाठपुरावा करून २००९ मध्ये निकाल जाहीर झाला. एचपीव्ही चाचणीच्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या आणि चौथ्या गटात ६४, म्हणजे मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. एकेकदाच केलेल्या पॅप किंवा व्हीआयएनं मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही. एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह आलेल्या बायकांपेक्षा, पॅप किंवा व्हीआयए निगेटिव्ह आलेल्यांना पुढं कॅन्सर होण्याचं प्रमाण चौपटीहून जास्त होतं.

असं का, ते वरच्या प्रवासावरून लक्षात येईल. पॅप आणि व्हीआयए त्या दिवशी पेशीत झालेला बदल पाहतात, एचपीव्ही चाचणी बदलाच्याही आधीचं कारण शोधते. विषाणूच नसेल तर पुढची पाच-दहा वर्षं निर्धास्त राहता येतं. अर्थात व्हीआयए निरुपयोगी नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या सुरेंद्र शास्त्री यांच्या चमूनं प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत ती करून घेतली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या दोन्ही चाचण्यांत तपासणी न मिळालेल्या गटांवरून मोठा नैतिक वाद झाला. तो रास्त होता असं माझं मत आहे. त्या ६४ जणींचा आकडा वाचताना अडखळायला होतं.

तपासणी नसते तिथं भीतीचा व्यापार चालतो. बीडच्या ऊसतोड बायका हंगामात कोल्हापूर-सांगलीच्या फडांवर येतात. २०१९ मध्ये सरकारी समितीनं त्या जिल्ह्यातल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यांतल्या १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अंगावर पांढरं जातंय, पोटात दुखतंय अशा तक्रारीवर 'कॅन्सर होईल, पिशवी काढा' असं सांगितलं गेल्याच्या कहाण्या तेव्हा बाहेर आल्या. पांढरं जाणं बहुतेकदा साध्या जंतुसंसर्गाचं असतं आणि औषधांनी बरं होतं. एचपीव्ही चाचणीत विषाणू सापडला तरी पिशवी काढायची नसते. तोंडाशी बदल झालेला भाग थंड उपकरणानं गोठवतात किंवा गरम उपकरणानं जाळतात, नाहीतर तारेच्या वेढ्यानं कापून काढतात, आणि बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते.

लशीचं काम या सगळ्याच्या आधी येतं. ती विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं एल-१ हे प्रथिन वापरते. ते आपोआप गोळा होऊन विषाणूसारखं रिकामं गोलक तयार करतं, आत डीएनए नसतो. ते दंडात टोचलं की नैसर्गिक संसर्गात कधी होत नाहीत इतक्या अँटीबॉडी तयार होतात आणि रक्तातून पाझरून पिशवीच्या तोंडाशी पोचतात. विषाणू तळाच्या पेशीत शिरायच्या आधीच त्या त्याला धरतात. म्हणून लस शरीरसंबंध सुरू होण्यापूर्वी, नऊ ते चौदा वर्षांच्या वयात द्यायची. आत शिरलेल्या विषाणूवर तिचा इलाज चालत नाही.

एक डोस पुरतो हे जगाला कळलं तेही निम्मं योगायोगानं आणि आपल्याच मुलींमुळं. २००९ मध्ये बार्शी, पुणे, मुंबईसह देशातल्या नऊ केंद्रांवर दोन आणि तीन डोसांची तुलना करणारा अभ्यास सुरू झाला. दरम्यान तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदऱ्याच्या एका वेगळ्याच लस प्रकल्पात काही मुली दगावल्या. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत दिसला नाही. पण पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या घेऊन लसी दिल्याचं उघड झालं आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारनं सगळं थांबवलं. बार्शी-पुण्याच्या अभ्यासातल्या हजारो मुलींना तोवर एकच डोस मिळाला होता. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. दहा वर्षांनी दिसलं की १६ आणि १८ प्रकारांच्या चिवट संसर्गापासून एका डोसचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास आहे, तीन डोसांइतकंच. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एका डोसाला मान्यता दिली, त्यात या पुराव्याचा वाटा होता. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हावॅक या लशीला परवानगी मिळाली. बाजारात आली तेव्हा तिच्या एका डोसाची किंमत दोन हजार रुपये होती. तीन मुली असलेल्या घरात हा हिशेब होत नाही, लस शाळेत फुकट मिळायला हवी.

आता कॅन्सर झालेल्या बाईबद्दल. बरं होण्याची शक्यता सर्वांत जास्त ठरते ती टप्प्यावरून. आजार पिशवीच्या तोंडापुरता असेल तर शंभरातल्या ऐंशी-नव्वद जणी पाच वर्षांनंतरही जगतात. ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत गेला असेल तर आकडा निम्म्यावर येतो. टाटा रुग्णालयानं २००३ ते २०११ या काळात अशाच, कॅन्सरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० बायकांवर अभ्यास केला. नुसत्या रेडिएशनवर पाच वर्षांनी ४६ टक्के जिवंत होत्या. रेडिएशनबरोबर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे औषध दिलेल्यांत ५४ टक्के. आठ टक्के कमी वाटतात, पण सिस्प्लॅटिन जुनं आणि स्वस्त औषध आहे.

त्या आकड्यांच्या आत आणखी दोन गोष्टी दडलेल्या असतात आणि दोन्ही घरच्यांच्या हातात काही प्रमाणात आहेत. एक, रक्त. रेडिएशनला पेशी मारायला प्राणवायू लागतो. हिमोग्लोबिन सातवर असेल तर गाठीला प्राणवायू कमी पोचतो आणि तेच रेडिएशन कमी काम करतं. म्हणून डॉक्टर आधी रक्त चढवायला सांगतात, तेव्हा 'आधी शेक सुरू करा, रक्ताचं नंतर बघू' असा आग्रह धरू नये. दुसरी, वेळ. बाहेरून पाच आठवडे आणि मग आतून, असा पूर्ण उपचार आठ आठवड्यांत संपायला हवा. जास्त रेंगाळला की आजार परतण्याची शक्यता दिवसागणिक वाढते. आतून द्यायच्या रेडिएशनला बायका घाबरतात, अंगावरून जाणं थांबलंय म्हणून बरं वाटलं की मधेच गावी निघून जातात. अर्धवट उपचारामुळं येणारा मृत्यू हा माझ्या मते या आजारातला सगळ्यांत टाळण्याजोगा मृत्यू आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे उपचार बसतात. अडचण बहुतेक वेळा येण्याजाण्याची, राहण्याची आणि घरी मागं स्वयंपाक कोण करणार याची असते.

प्रतिकारशक्ती या टप्प्यावरही संपलेली नसते. ज्या बाईच्या गाठीत मारेकरी टी-पेशी भरपूर शिरलेल्या दिसतात, त्या बाईचं भविष्य साधारणपणे चांगलं असतं. पण कॅन्सर पेशीच्या पृष्ठभागावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन आलेलं असतं आणि ते जवळ आलेल्या टी-पेशीला निष्क्रिय करतं. पेंब्रोलिझुमॅब हे औषध हा संबंध तोडतं. पसरलेल्या किंवा परतलेल्या आजारात केमोबरोबर ते दिल्यावर दोन वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण सुमारे ४० वरून ५० टक्क्यांवर गेल्याचं २०२१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीत दिसलं. औषध इतकं महाग आहे की कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांना ते आज परवडण्यासारखं नाही, आणि रिपोर्टात पीडी-एल१ लिहून आलं म्हणून शेत विकायला निघण्याआधी डॉक्टरांशी नीट बोलावं.

आजार परत आलाच तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. म्हणून उपचारानंतर सुरुवातीला दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला जायचं असतं, मग सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. जाताना जुनी फाईल, बायोप्सीचा रिपोर्ट आणि रेडिएशनचा कागद बरोबर न्यायचा. तो कागद हरवला तर दुसऱ्या रुग्णालयात परत रेडिएशन देता येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही.